सोबतीचा भात

बोगोटात दुपारचे बारा वाजले की छोट्या खाणावळींच्या दारात खडूने लिहिलेले फळे दिसू लागतात. आज सूप कोणतं, मांस कोणतं, कडधान्य कोणतं, ते त्यावर वाचायचं आणि आत जाऊन बसायचं. भात फळ्यावर लिहिलेला असो वा नसो, ताटात तो येतोच.

या रोजच्या, परवडणाऱ्या जेवणाला कोलंबियात ‘कोरियेन्तासो’ म्हणतात. आधी गरम सूप, मग ‘सेको’ म्हणजे मुख्य ताट, आणि सोबत फळांचा रस. ताटात मांसाचा तुकडा, तळलेलं पिकलं केळं, थोडी कोशिंबीर आणि राजमा, मसूर किंवा काबुली चण्याची दाटसर आमटी. बोगोटाकडे या आमटीला ‘प्रिन्सिपिओ’ म्हणतात. या सगळ्यांच्या शेजारी वाटीने पाडलेली पांढऱ्या भाताची मूद. बटाटा किंवा युका, म्हणजे कसावाचा कंद, ताटात असला तरी भाताची जागा ठरलेलीच. आमटीचा रस तो शोषतो, मांसाचा खारटपणा सौम्य करतो आणि थोडक्या पैशात पोट भरतो.

हा भात दिसायला अगदी साधा. पण त्यामागे पिढ्यान्‌पिढ्या हातात बसलेली एक कृती आहे आणि साधारण साठ वर्षांपूर्वी शेतात झालेली एक मोठी उलथापालथही आहे.

काल्देरोतली कृती

भात शिजतो तो ‘काल्देरो’त. हे ओतीव ॲल्युमिनियमचं, जाड बुडाचं, दोन कानांचं भांडं. त्यात आधी तेल तापवतात. तेलात ठेचलेला लसूण आणि ‘सेबोया लार्गा’, म्हणजे आपल्या पातीच्या कांद्याच्या जातीचा जाड, लांब दांड्याचा कांदा. पुष्कळ घरांत हा दांडा न चिरता अख्खाच टाकतात आणि भात झाल्यावर काढून घेतात. वास भातात उतरतो, दाताखाली काही येत नाही. मग लांब दाण्याचे तांदूळ घालून मिनिटभर परततात. दाण्यांना तेल लागलं की ते एकमेकांना कमी चिकटतात. त्यावर तांदळाच्या दुप्पट पाणी आणि मीठ.

खरं लक्ष द्यायचं ते यापुढे. आच मोठी ठेवून भांडं उघडंच उकळू द्यायचं. पाणी तांदळाच्या पातळीला येतं, मग त्याखाली जातं आणि पृष्ठभागावर छोटी छोटी छिद्रं उमटतात. ही छिद्रं दिसली की आच अगदी मंद करायची, घट्ट झाकण ठेवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं भांड्याला हात लावायचा नाही. मध्ये ढवळलं तर दाणे मोडतात, पिठूळपणा सुटतो आणि भात गिच्च होतो. शेवटी काट्याने हलकेच मोकळा करायचा. आपल्याकडे करून पाहायचा असेल तर आंबेमोहोर किंवा इंद्रायणी नको. ते मऊ, चिकट भातासाठीच चांगले. जुना, लांब दाण्याचा तांदूळ घ्यावा.

दुप्पट पाण्याचं माप मात्र देशभर सारखं चालत नाही. कार्ताहेना समुद्रकाठी, तर बोगोटा सुमारे २,६०० मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. भाताला वेळ जास्त लागतो, पाणीही थोडं वाढवावं लागतं. किनाऱ्यावरून राजधानीत राहायला आलेल्या माणसाला भाताचा हात नव्याने बसवावा लागतो.

भांड्याच्या बुडाला जी सोनेरी, कुरकुरीत खरवड धरते तिला ‘पेगा’ म्हणतात, कॅरिबियन किनाऱ्यावर ‘कुकायो’. ती कुणाच्या वाट्याला यायची यावरून घराघरांत ओढाताण चालते. त्याच किनाऱ्यावर भाताला नारळही भेटतो. नारळाचं दूध तेल सुटेपर्यंत आटवायचं, तळाचा चोथा तपकिरी झाला की तो ‘तितोते’. त्यात शिजवलेला किंचित गोडसर भात तळलेल्या माशाबरोबर खातात. कोकणातल्या माणसाला हे जेवण परकं वाटणार नाही. आंतिओकियाच्या डोंगराळ भागात रात्रीचा उरलेला भात आणि राजमा सकाळी एकत्र परततात, वर अंडं आणि बाजूला मक्याची आरेपा. हा ‘कालेंतादो’ म्हणजे तिथला भरभक्कम नाश्ता.

शेतातली उलथापालथ

तांदूळ कोलंबियाचा मूळचा नव्हे, तो स्पॅनिश वसाहतकाळात आला. आज तोलिमा आणि विला प्रांतांच्या पाटाच्या पाण्यावर आणि पूर्वेकडच्या यानोस मैदानांत तो मोठ्या प्रमाणावर पिकतो. भात उत्पादकांचा राष्ट्रीय महासंघ ‘फेदेआरोस’ १९४७ साली स्थापन झाला. तेव्हाचे वाण उंच वाढत, खत जास्त झालं की आडवे पडत. त्यात पानं पांढरी पाडणाऱ्या ‘ओखा ब्लांका’ या विषाणूजन्य रोगाने १९५०च्या दशकाच्या अखेरीस पिकाला ग्रासलं.

१९६७ साली कालीजवळ पाल्मिरा इथे ‘सिआत’ ही आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्था उभी राहिली. फिलिपिन्समध्ये आयआर-८ हा बुटका, भरघोस वाण घडवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते पीटर जेनिंग्ज तिथे आले. भारतातही त्याच सुमारास पोचलेला हाच तो वाण. पण आयआर-८चा दाणा पोटात पांढुरका आणि गिरणीत तुटणारा. कोलंबियाच्या गृहिणीला हवा होता लांब, पारदर्शक, शिजून मोकळा राहणारा दाणा. म्हणून सिआत आणि ‘इका’ या सरकारी कृषी संस्थेने मिळून नवे वाण काढले आणि दोन्ही संस्थांची नावं जोडून त्यांना ‘सिका’ म्हटलं. सिका-४ १९७१ साली आला, सिका-८ १९७८ साली. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून दहाएक वर्षांत देशाचं हेक्टरी उत्पादन दुपटीच्या आसपास गेलं आणि तांदूळ स्वस्त झाला.

याचा हिशेब ग्रँट स्कोबी आणि राफाएल पोसादा या अर्थशास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडला. उत्पन्नाच्या मानाने सर्वांत मोठा लाभ गरीब ग्राहकांना झाला होता. पाटाचं पाणी नसलेल्या छोट्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या हाती मात्र नवं बियाणं उपयोगी पडलं नाही, आणि भाव पडल्याचा फटका तेवढा त्यांना बसला. कोरडवाहू भातशेती झपाट्याने आक्रसली.

गवंड्याला, कारकुनाला, शाळकरी मुलाला रोज दुपारी पोटभर भात मिळावा, हे मोठं काम या संशोधनाने केलं आणि त्याचं कौतुक मोकळ्या मनाने व्हायला हवं. पण स्वस्ताईची किंमत ज्यांनी मोजली तेही शेतकरीच होते. पाणी नसलेल्या शेतासाठी बियाणं शोधणं हे पाटाखालच्या शेताइतकंच तातडीचं काम आहे, हा कोलंबियाच्या भाताने दिलेला धडा भात खाणाऱ्या प्रत्येक देशाने गिरवावा असा आहे.