पितळेत दडलेला ताण

देवळाली कॅम्पातल्या शाळेत शिकवणाऱ्यांना तोफांचे आवाज सवयीचे असतात. फाळणीच्या आधीच काकूलचे तोफखाना विद्यालय येथे आले. छावणी तर त्याच्याही आधीची, ब्रिटिशांच्या काळातली. जुन्या 25 पौंडी तोफेच्या काडतुसाचे रिकामे पितळी नळकांडे कधी पाहायला मिळाले, तर हात फिरवून पाहावे. कुठे सांधा नाही, डाग दिल्याची खूण नाही. तळ जाड, भिंत पातळ. ही वस्तू पितळेच्या एका सपाट चकतीतून दाबून काढलेली असते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पत्र्याचे भाग काढणाऱ्या प्रेसमध्येही मूळ तत्त्व हेच.

आधी चकती कापायची. खाली भोक असलेली डाय, वर त्या भोकात उतरणारा पंच आणि मध्ये पत्रा. कापलेली कड भिंगातून पाहिली तर तिचा एक पट्टा चमकदार व दुसरा खडबडीत दिसतो. पंच थोडे अंतर पत्रा कापतो, उरलेला पत्रा तुटतो. लागणारा जोर काढणे सोपे आहे : कापाच्या कडेची लांबी, पत्र्याची जाडी आणि धातूचा कातरण्याला होणारा विरोध यांचा गुणाकार. 1 मिलिमीटर जाडीच्या मऊ पोलादी पत्र्यात 20 मिलिमीटर व्यासाचे भोक पाडायचे आहे. विरोध दर चौरस मिलिमीटरला 300 न्यूटन धरला तर सुमारे 19,000 न्यूटन, म्हणजे जवळजवळ दोन टनांचा भार लागेल. एवढ्याशा भोकाला!

खरी गंमत पुढे आहे. 20 सेंटिमीटर व्यासाची कागदी चकती घ्या आणि ती 10 सेंटिमीटर व्यासाच्या डब्याच्या तळावर ठेवून कडा खाली दाबा. कागदाला चुण्या पडतील. का? चकतीचा परीघ 62.8 सेंटिमीटर, डब्याचा 31.4. कडेचा कागद निम्म्या लांबीत मावला पाहिजे, आणि कागदाला आकसता येत नाही. पितळेला येते. चकतीची कड एका कड्याने दाबून धरली, की चुणी पडण्याऐवजी धातू आडवा आकसतो आणि उंचीत वाढतो. जाडी तेवढीच राहिली असे मानले तर आपल्या चकतीपासून 7.5 सेंटिमीटर उंचीची वाटी होईल. क्षेत्रफळे मांडून विद्यार्थ्यांनी हे पडताळून पाहावे. एका दमात साधारण एवढेच जमते. याहून अरुंद पंच वापरला तर वाटीचा तळच फाटतो.

म्हणून वाटीचे नळकांडे टप्प्याटप्प्याने होते. प्रत्येक दाबाने पितळ कडक होत जाते, आणि मधूनमधून ते तापवून मऊ करावे लागते. नाशिकचे तांबटही भांडे ठोकताना हेच करत आले आहेत. शेवटच्या दाबानंतर मात्र नळकांडे पुरते मऊ करून चालत नाही. बार उडाल्यावर ते फुगून तोफेच्या भिंतीला घट्ट बसले पाहिजे आणि लगेच आकसून सुटले पाहिजे. त्यासाठी अंगी कडकपणा हवा. पण कडकपणाबरोबर धातूच्या आत ताणही उरतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

या ताणाची किंमत ब्रिटिश फौजेला हिंदुस्थानातच कळली. पावसाळ्यात तबेल्यांमध्ये ठेवलेली काडतुसे, कोणी हात न लावता, तडकू लागली. लाकूड वाळताना पडणाऱ्या भेगांसारख्या या भेगा, म्हणून इंग्रजीत त्यांना 'सीझन क्रॅकिंग' म्हणू लागले. दमट हवेला दोष देणे सोपे होते. पण दमट हवा तर इतर कोठारांतही होती. नेमका उलगडा 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. घोड्यांच्या मूत्रातून अमोनिया सुटतो. ओलाव्यात तो तांब्याशी संयोग पावतो आणि धातूच्या स्फटिककणांमधल्या सीमा कुरतडतो. प्रयोगशाळेत तांब्याच्या क्षाराला अमोनिया घातल्यावर येणारा गडद निळा रंग शिक्षकांच्या परिचयाचा आहे. त्याच्याच मुळाशी असलेली ही अभिक्रिया. मात्र नुसत्या अमोनियाने भेग पडत नाही. आतला ताण कुरतडलेली सीमा ओढून उघडतो. ताण, अमोनिया आणि ओलावा यांपैकी एक काढून घ्या, काडतूस शाबूत राहते.

पावसाळा काढता येत नाही आणि घोडाही त्या काळी काढता येत नव्हता. उरला ताण. तयार नळकांडे 250 ते 300 अंश सेल्सियसला तासभर ठेवले तर आतला ताण बराचसा उतरतो आणि कडकपणा फारसा कमी होत नाही. पितळ मऊ करायला याच्या जवळजवळ दुप्पट तापमान लागते. या दोन तापमानांमधल्या अंतरामुळेच उपाय साधला.

वर्गासाठी एक प्रयोग. कडक पितळी पत्र्याच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एक वाकवून, टोके पितळी तारेनेच बांधून, ताणाखाली ठेवा. दुसरी सरळच राहू द्या. झाकणाच्या बरणीत तळाशी थोडे अमोनियाचे द्रावण घालून दोन्ही त्याच्या वर, द्रावणात न बुडतील अशा टांगा. बरणी खिडकीजवळ ठेवा. उघडताना तोंड दूर धरा. निळसरपणा दोन्हींवर येईल. वाकवलेल्या पट्टीच्या बाहेरच्या बाजूला भेग कोणत्या दिवशी दिसते, याची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी. आणि पट्टी तुटण्याआधी तार तुटली, तर तारेतला ताण कुठून आला हे त्यांनाच विचारावे.