अनुभवाची वर्षे म्हणजे पुरावा नव्हे
भारतात डॉक्टर-वकिलांसारखी सक्तीची देशव्यापी नोंदणी अभियंत्यांना नाही. ‘चार्टर्ड इंजिनिअर’ हा दर्जा १९२० साली स्थापन झालेली इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया) देते. या दर्जासाठीच्या अर्जांत क्षमतेचा पुरावा (स्वतः घेतलेल्या तांत्रिक निर्णयाची पडताळता येणारी नोंद) म्हणून अनेकजण नुसती प्रकल्पांची यादी जोडतात.

अकोल्यात कापूस घेणारा भरलेल्या गाडीवर थांबत नाही. कापसाचा धागा ओढून पाहतो. अर्जात ‘अमरावतीत इमारत बांधली’ ही झाली गाडी. ‘वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. म्हणून माती तपासून मी अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर केलेले पायाचे खांब) निवडले’ हा झाला धागा. ‘आम्ही’ म्हणण्याची आपली विनयी सवय इथे नडते. आपला वाटा ‘मी’ने लिहा, मातीचा अहवाल आणि आकडेमोडीची पाने सोबत जोडा.