शेवंती आणि सुजलेल्या पापण्या

दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्या भागातले शेवंतीचे मळे पिवळेधमक होतात आणि त्याच सुमारास माझ्या दवाखान्यात सुजलेल्या पापण्यांचे रुग्ण वाढतात. या दोन गोष्टींचा संबंध आहे हे समजायला मला बरीच वर्षे लागली, हे आधीच कबूल करतो.

एक पंचेचाळिशीच्या बाई येत असत. चेहरा, मान, कोपराच्या घड्या काळवंडलेल्या आणि जाड झालेल्या. "डॉक्टर, रात्रभर डोळा लागत नाही, खाजवून खाजवून कातडं सोललं," म्हणायच्या. मी आधी उन्हाचा त्रास समजलो, मग नायटा समजलो. मलमाने आठ दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. एकदा त्या लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर मुंबईला राहून आल्या, तर चेहरा स्वच्छ! तेव्हा कुठे मी विचारले, शेतात काय आहे? उत्तर आले, "अर्धा एकर शेवंती."

शेवंतीचे बहुतेक काम हातानेच होते. एप्रिल-मेमध्ये जुन्या झाडांच्या काश्या काढून लावायच्या, रोप धरले की शेंडे खुडायचे म्हणजे फुटवे जास्त येतात, पावसाळाभर खुरपणी करायची. दिवस लहान होऊ लागले की झाड कळ्या धरते, मग पहाटेपासून तोडा. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने पाल्याचा रस बोटांना आणि नखांना लागत राहतो. त्या रसात सेस्क्विटर्पिन लॅक्टोन नावाची द्रव्ये असतात. काही जणांच्या शरीराला ती सोसत नाहीत. पुरळ लगेच उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठते, म्हणून दोष शेवंतीवर न जाता आदल्या दिवशी खाल्लेल्या वांग्यावर जातो.

आणखी एक गोम आहे. सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि बांधावरचे गाजर गवत ही सारी एकाच कुळातली. गाजर गवत 1950 च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले. त्याची ॲलर्जी जडलेल्या माणसाला पुष्कळदा शेवंतीही सोसत नाही. वाळलेल्या गवताचे बारीक कण वाऱ्याने उडतात, म्हणून हात न लावताही पापण्या, कानामागचा भाग आणि मान पेटते.

खात्री करायची तर चर्मरोगतज्ज्ञांकडे पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी होते. दोन दिवसांनी पट्ट्या काढतात, पुढे पुन्हा एकदा पाहतात. मेडिकल दुकानातून सांगोवांगी आणलेले मलम मात्र चेहऱ्याला लावू नका. त्यात बहुधा स्टिरॉइड असते. खाज थांबते खरी, पण महिनोन् महिने चोळल्यास कातडी पातळ होते. स्टिरॉइड आम्हीही देतो, पण मोजून आणि ठरावीक दिवस. ज्यांना त्रास आहे त्यांनी तोड्याला जाऊच नये हे उत्तम. जावेच लागले तर पूर्ण बाह्या घालाव्यात, घरी येताच आंघोळ करावी, शेतातले कपडे वेगळे धुवावेत. सुती हातमोजे रस शोषतात आणि तोच कातडीला धरून ठेवतात, त्यांचा उपयोग नाही. देवाला चार फुले वाहणाऱ्यांनी घाबरू नये, त्रास होतो तो बहुतेक रोज हाताळणाऱ्यांना.

हे सारे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "शेवंती मोडली तर दिवाळी कशावर करायची?" प्रश्न रास्त होता. शेवटी तोडा मालकांनी आणि मुलाने अंगावर घेतला, बाईंनी कांद्याचे रोप सांभाळायचे ठरले. दोन वर्षे बरी गेली. मग एका भाद्रपदात पुन्हा पापण्या सुजवून आल्या. शेवंतीला हात लावला नव्हता. शाळेच्या आवारातले गाजर गवत बायकांनी मिळून उपटले, त्यात त्याही होत्या.