शाळेबाहेरची शाळा : कान्हेरीच्या टाक्यांतले पाणी

गेल्या आठवड्यात आपण शाळेच्या आवारातल्या एका झाडापाशी थांबलो होतो. आज जरा लांब जाऊ, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. मुंबई-ठाण्यातल्या कितीतरी शाळांची सहल इथे येते आणि तिचा साचाही ठरलेला असतो. सफारी, झाडाखाली डबे आणि परत. एखादी शाळा कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत पोहोचते. तिथे चैत्यगृहासमोर वर्गाचा फोटो निघतो, बाई चार वाक्ये सांगतात, मुले ती वहीत उतरवतात. पुढच्या आठवड्यात विचारले तर मुलांना माकड आठवते, लेणी आठवत नाहीत. यात मुलांचा दोष नाही. त्यांना पाहायला नेले होते, शोधायला काही दिले नव्हते.

माझे ठाम मत असे की, मुलांना इथे न्यायचे तर एकच प्रश्न घेऊन न्यावे आणि सगळे दाखवण्याचा मोह सोडून द्यावा. कान्हेरीसाठी मी निवडेन तो प्रश्न असा : इथे राहणारी माणसे पाणी कुठून आणत होती?

कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेली ही वस्ती जवळजवळ हजार वर्षे नांदली. म्हणजे ही गुहांची रांग नव्हे, नांदते गाव होते. इथे राहणाऱ्या बौद्ध भिक्खूंना प्यायला, रांधायला, धुवायला पाणी लागणारच. कोकणात पाऊस चार महिने धो-धो कोसळतो आणि उरलेले आठ महिने कातळ तापत असतो. मग?

इथे बोलणे थांबवावे आणि मुलांना चार-पाचजणांच्या गटांत कामाला लावावे. प्रत्येक गटाला एक लेणे द्यायचे. लेण्याच्या अंगणात किंवा बाजूला टाके आहे का, त्याचे तोंड कुठे आहे, कातळावर खोदलेली पन्हळ दिसते का, हे कागदावर काढायचे. पन्हळ सापडली की तिच्या कडेने उलट, म्हणजे उताराच्या वरच्या बाजूला नजर न्यायची. थोड्याच वेळात कोणीतरी ओरडते, ‘‘सर, अख्ख्या डोंगराचंच पाणी इथे येतंय!’’ जे शिक्षक पंधरा मिनिटे समजावून सांगणार होते, ते मुलाने स्वतः पाहिलेले असते. आता फक्त गणित उरते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सहावीच्या मुलाला हे पटवायला वहीवर एक चौकोन पुरतो. आता दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असा कातळाचा उतार घ्या. मुंबईत पावसाळ्यात 2000 मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो. आपण 2000च धरू. त्या उतारावरून दोन लाख लिटर पाणी वाहते. एका माणसाला पिण्या-रांधण्यासाठी रोज दहा लिटर धरले, तर आठ कोरड्या महिन्यांसाठी सुमारे 2400 लिटर लागतात. म्हणजे एका छोट्या उतारावर पडलेला पाऊस ऐंशीजणांना पुरेल इतका. सगळे पाणी काही टाक्यात उतरत नाही, काही वाया जाते, काही उन्हाने उडते. किती उडत असेल, हा पुढचा प्रश्न मुलेच विचारतात. टाक्यांची तोंडे अरुंद का ठेवली असतील, याचे उत्तर मग शोधून काढायला त्यांना वेळ लागत नाही.

टाकी खोदायला पैसा लागला असेल, तो कोणी दिला? याचे उत्तर भिंतींवरच कोरलेले आहे. कान्हेरीत ब्राह्मी लिपीतले कितीतरी लेख आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद त्यांत आहे. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतले व्यापारी दाते होते, भिक्षुणीही होत्या. राजांच्या नावांनी भरलेला इतिहास वाचणाऱ्या मुलाला प्रथमच कळते की इतिहासात सोनारही असतो आणि तो आपल्या लोकल गाडीच्या वाटेवरच्या गावातला असतो. मला हा क्षण फार मोलाचा वाटतो.

आणखी एक लेख जरूर दाखवावा. 90 क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीत काही पारशी प्रवाशांची नावे कोरलेली आहेत, इसवी सन 1009 आणि 1021 मधली. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही लोक इथे ‘पाहायला’ येत होते आणि भिंतीवर नाव लिहून जात होते! मग आज आपण लिहिले तर काय बिघडले, असे एखादे मूल विचारणारच. त्याला दटावू नये. वर्गाला भांडू द्यावे.

आता जंगलाकडे. कान्हेरीहून परततानाचा हा प्रयोग जवळ पाण्याची एक बाटली असली तरी होतो. पायवाटेच्या घट्ट मातीवर थोडे पाणी ओतायचे आणि ते किती दूर वाहते ते पाहायचे. तेवढेच पाणी बाजूच्या पालापाचोळ्यावर ओतायचे. पाचोळ्यातले पाणी दिसेनासे होते. कातळ पाणी झटकतो म्हणून माणसाने टाकी खोदली. पाचोळा आणि मुळे पाणी धरतात म्हणून पाऊस संपल्यावरही ओढे काही काळ वाहते राहतात. सागाचे पान चुरगाळून बोटे लाल करून घेणे, कीटकांनी पानांची जाळी केलेली पाहणे, हे वाटेत आपोआप होते. त्यासाठी वेगळा तास लावू नये.

या डोंगरातूनच दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या निघतात. मुंबईला नळाने पहिले पाणी 1860 साली दिले ते याच डोंगरातल्या विहार तलावाने. 1879 मध्ये तुळशी तलाव झाला. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीचे पाणी घराघरांत शिरले. सहलीनंतरच्या आठवड्यात मुलांनी आपल्या घराजवळचा नाला नकाशावर शोधावा आणि तो उलट, वरच्या दिशेने वाचत जावे. बोरिवली-दहिसरच्या कितीतरी मुलांचे बोट उद्यानाच्या हिरव्या रंगावर जाऊन थांबेल. ज्याला मुले नाला म्हणत होती, ती नदी आहे.

शिक्षकांसाठी थोडे व्यवहाराचे. उद्यान आणि लेणी सोमवारी बंद असतात. मुख्य दारापासून लेणी सहा-सात किलोमीटरवर आहेत, त्यामुळे गाडीची सोय आधी करावी. शेवाळलेला कातळ फार निसरडा असतो. भर पावसाऐवजी पावसाळा सरता सरता जावे, तेव्हा टाकी भरलेली असतात आणि ओढेही वाहते असतात. टाक्यांच्या काठाशी एक मोठे माणूस उभे हवेच. माकडांसमोर डबे उघडू नयेत. हे जंगल बिबट्याचे घर आहे, तेव्हा कोणी मूल गट सोडून झुडपांत जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे.

मुंबईपासून दूर असलेल्या शाळांनी हळहळण्याचे कारण नाही. जुन्नरच्या डोंगरांत, नाणेघाटात, राज्यातल्या जवळजवळ प्रत्येक गडावर खोदीव टाकी आहेत. सहलीची तारीख ठरवण्याआधी शिक्षकांनी एकदा स्वतः जाऊन एक टाके, एक पन्हळ आणि एक ओढा नक्की करून यावा. पुढच्या आठवड्यात गडावरच्या टाक्यांपाशी भेटू.