नदीवरचे शेवाळ आणि घरातले पाणी : उकळणे पुरेसे आहे का?

पाणी उकळले की सुरक्षित, असे आपण लहानपणापासून ऐकतो. जंतूंच्या बाबतीत ते खरे आहे. पण नदीत शेवाळ माजते, तेव्हा एवढ्यावर विसंबता येत नाही. विठ्ठलवाडीजवळून वालधुनी वाहते, तर कल्याण, डोंबिवली आणि उल्हासनगरला प्रामुख्याने उल्हास नदीचे पाणी मिळते. म्हणून हा विषय आपल्या घरातलाच आहे.

हिरवे दिसते ते सगळे शेवाळ असते का?

नाही. उन्हाळ्यात मोहने-शहाड भागात उल्हास नदीवर पसरणारा हिरवा गालिचा मुख्यतः जलपर्णीचा असतो. जाड पाने आणि जांभळी फुले असलेली ही वनस्पती विषारी नाही, पण तिच्या आडोशाने डास वाढतात. साधे शेवाळ धाग्यांसारखे असते. तिसरा प्रकार म्हणजे नील-हरित शेवाळ. हे खरे तर जीवाणू असतात आणि त्यांच्या काही जाती विष तयार करतात.

काठी पाण्यात घालून पाहा. तिच्यावर हिरवे धागे आले तर बहुधा साधे शेवाळ. रंगात बुडवल्यासारखा लेप आला तर नील-हरित शेवाळाची शंका घ्या. हाताने मात्र तपासू नका.

ते का वाढते?

सांडपाणी, डिटर्जंट आणि खतांमधून नायट्रोजन व फॉस्फरस नदीत येतात. शेवाळासाठी हेच खत. त्यात कडक ऊन आणि संथ प्रवाह यांची भर पडली की काही दिवसांत पाणी हिरवे होते. रात्री शेवाळ पाण्यातला प्राणवायू वापरते, मेल्यावर कुजतानाही तो संपतो. मग मासे मरतात. म्हणजे शेवाळ दिसले, की नदीत सांडपाणी येत असल्याची दाट शक्यता असते.

शरीरावर काय परिणाम होतो?

अशा पाण्यात उतरल्यास खाज, पुरळ, डोळे लाल होणे असा त्रास होऊ शकतो. पाणी पोटात गेल्यास मळमळ, उलट्या, जुलाब, पोटदुखी होते. मायक्रोसिस्टिन नावाचे विष यकृताला इजा करते. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात डायलिसिससाठी वापरलेल्या पाण्यात हे विष होते. त्यात ५० हून अधिक रुग्ण दगावले.

उकळल्याने विष जाते का?

जात नाही. उलट पाण्याची वाफ झाल्याने उरलेल्या पाण्यात विषाचे प्रमाण थोडे वाढते. अमेरिकेतील टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये नळाच्या पाण्यात हे विष सापडले, तेव्हा सुमारे ४ लाख लोकांना 'पाणी पिऊ नका आणि उकळूही नका' असे सांगावे लागले.

घाबरून जाऊ नका. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीने गाळ बसवून आणि वाळूतून गाळून बहुतेक शेवाळ काढले जाते. पाण्याला नुसता मातकट वास आला, तर तो शेवाळातील निरुपद्रवी घटकाचाही असू शकतो. आपल्याकडे रोजचा मोठा धोका सांडपाण्यातील जंतूंचा आहे: जुलाब, टायफॉइड, कावीळ. त्यासाठी पाणी उकळणे सोडू नका.

तुम्ही काय करावे?

- नळाला हिरवट पाणी आले तर ते पिऊ नका, स्वयंपाकाला किंवा बाळाच्या दुधाला वापरू नका. दुसरे सुरक्षित पाणी घ्या आणि पाणीपुरवठा विभागाला लगेच कळवा.
- हिरव्या पाण्यात घरी क्लोरीनचे थेंब टाकून ते प्यायचे, असे करू नका. शेवाळाच्या पेशी फुटून आतले विष पाण्यात मिसळते.
- मुलांना अशा पाण्यात पोहू देऊ नका. जनावरांना ते पाजू नका.
- अंगाला लागल्यास स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल किंवा गडद पिवळी होत असेल, डोळे पिवळे दिसत असतील, ग्लानी येत असेल तर त्याच दिवशी जा. या विषावर खास उतारा नाही; शरीरातील पाणी भरून काढणे आणि यकृतावर लक्ष ठेवणे हाच उपचार. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि यकृताचे रुग्ण यांनी वाट पाहू नये. नदीच्या पाण्याशी संबंध आला असेल किंवा नळाचे पाणी हिरवट आले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. विचारल्याशिवाय हे कुणी सांगत नाही, आणि निदान तिथेच चुकू शकते.