हिरवा रंग, उजेड आणि प्रोस्टेटचा कर्करोग



झाडाचे पान हिरवे दिसते ते क्लोरोफिल या रंगद्रव्यामुळे. हे द्रव्य सूर्याचा उजेड पकडते आणि त्यावर झाड जगते. पाण्यात राहणारे काही सूक्ष्म जिवाणूही असेच रंगद्रव्य बाळगतात. आपल्या रेहोवोतच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. अविग्दोर शर्त्स आणि प्रा. योराम सालोमोन यांनी त्यापासून एक औषध घडवले. त्याचे नाव टूकॅड.

हे औषध अंधारात निरुपद्रवी असते. रोग्याला भूल देऊन प्रोस्टेट ग्रंथीत प्रकाश नेणारे बारीक तंतू बसवतात, शिरेतून औषध देतात आणि सुमारे २२ मिनिटे लेसरचा उजेड सोडतात. उजेड पडतो तिथेच औषध जागे होते. तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडतात आणि रक्त न मिळाल्याने गाठ मरते. त्यानंतर दोन दिवस मात्र रोग्याला उन्हापासून जपावे लागते.

युरोपात ४१३ पुरुषांवर याची चाचणी झाली. दोन वर्षांत नुसत्या देखरेखीखाली असलेल्या १०० पैकी ५८ जणांचा रोग वाढला. उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण २८ होते. २०१७ साली युरोपने सौम्य रोगासाठी मान्यता दिली. अमेरिकेत मात्र २०२० साली तज्ज्ञांच्या समितीने विरोधात मत दिले. लघवीचा त्रास आणि पुरुषी शक्ती कमी होणे हे दुष्परिणामही आहेत.

पुढची पायरी नॅनोकणांची. टोरोंटोच्या संशोधकांनी २०११ साली क्लोरोफिलपासून मिळवलेला रेणू स्निग्ध पदार्थाला जोडून गोल कण बनवले. असा एक कण केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाएवढा असतो. तोच कण तपासणीच्या चित्रात गाठ दाखवतो आणि लेसरने तापून ती जाळतो. हे प्रयोग प्राण्यांवर झालेले आहेत. रोग्यांनी त्यावर आज भिस्त ठेवू नये.

मग आपण काय करावे? प्रोस्टेटचा कर्करोग आहे असे कळले की घाबरून घाई करू नये. सौम्य रोगात वेळोवेळी रक्ताची पी.एस.ए. तपासणी आणि डॉक्टरांची देखरेख एवढेही पुष्कळदा पुरते. आपला रोग कोणत्या प्रकारचा आणि आपल्याला कोणते उपचार लागू पडतात, हे कुपत खोलिममधल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. लाजू नये, सोबत मुलाला किंवा सुनेला न्यावे.

आणि दुकानात मिळणारे क्लोरोफिलचे हिरवे पाणी म्हणजे हे औषध नव्हे. ते पिऊन गाठ जात नाही. त्याच्या भरवशावर तपासणी कोणी पुढे ढकलू नये, एवढीच आमची विनंती.