प्रश्न हजारो, उत्तरं मोजकी
लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतः बांधायचा तर त्यात काय घ्यायचं आणि काय वगळायचं, ते आधी ठरवावं लागतं. ‘मेक कॉन्फिग’ ही जुनी आज्ञा हे एकेक करून विचारत बसते. प्रश्न हजारो आणि मागे फिरायची सोय नाही. ‘मेन्युकॉन्फिग’ने तेच पर्याय विषयवार मेन्यूत मांडले. ‘वाय’ दाबलं की तो भाग कर्नलमध्येच बसतो, ‘एम’ दाबलं की वेगळं मॉड्यूल होतं, लागेल तेव्हा जोडायला; ‘एन’ म्हणजे नको. २००९मध्ये आलेलं ‘लोकलमॉडकॉन्फिग’ तर थेट यंत्राकडेच पाहतं: सध्या लोड झालेली मॉड्यूल ठेवतं, बाकीची गाळतं. मात्र ते चालवण्याआधी पेन ड्राइव्ह, वेबकॅम जोडून ठेवा. नाहीतर त्यांचे ड्रायव्हरही गळायचे!